गणितातले डॉक्टर, लेट्यूसचे शेतकरी

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

तू गणिताचा मास्तर, म्हणून दलीपसिंग सौंद यांच्याबद्दल तुला लिहिल्याशिवाय राहवेना. अमृतसर जिल्ह्यातल्या छज्जलवाडीचा हा माणूस १९२० साली कॅलिफोर्नियात गेला तो फळंभाज्या टिकवण्याचं तंत्र शिकायला. बर्कलेच्या विद्यापीठात जीव गणितात रमला आणि १९२४ मध्ये पीएचडी झाली. पण हिंदी माणसाला शिकवायची नोकरी देणार कोण? इंपीरियल व्हॅलीच्या रखरखीत उन्हात सौंद लेट्यूसची शेती करू लागले. तीही स्वतःच्या नावाची नाही! भारतीयांना नागरिकत्व मिळणार नाही, असा निकाल अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९२३ सालीच दिला होता, आणि ज्याला नागरिकत्व मिळू शकत नाही त्याला कॅलिफोर्नियात जमीन घेता येत नव्हती.

दुसरा कुणी कंटाळून मायदेशी परतला असता. सौंद राहिले आणि कायदाच बदलायला निघाले. मला त्यांच्या साऱ्या आयुष्यात हे सर्वांत मोठं वाटतं. शेती सांभाळून वर्षानुवर्षं सभा, भाषणं, खासदारांच्या भेटी. १९४६ साली ल्यूस-सेलर कायदा झाला. वर्षाला अवघ्या १०० भारतीयांना प्रवेश, पण नागरिकत्वाचं दार उघडलं. १९४९ मध्ये ते नागरिक झाले. पुढच्याच वर्षी तिथल्याच वेस्टमोरलंड गावच्या न्यायाधीशपदावर निवडून आले, तर नागरिक होऊन वर्ष झालं नाही म्हणून ती निवड रद्द! १९५२ मध्ये पुन्हा उभे राहिले आणि जिंकले. कुणीतरी खवचटपणे विचारलं, तुमच्या कोर्टात यायला पगडी तुम्ही देणार की आम्हीच विकत घ्यायची? सौंद म्हणाले, डोक्यावर काय आहे याच्याशी मला कर्तव्य नाही, आत काय आहे ते मी बघतो.

१९५६ साली ते थेट काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, उभे राहिले. समोर होत्या जॅकलिन कॉक्रन, ध्वनीच्या वेगापुढे विमान नेणारी पहिली स्त्री, जगप्रसिद्ध. तरीही सौंद जिंकले. काँग्रेसमध्ये मताच्या अधिकारासह बसलेले ते पहिले आशियाई. परराष्ट्र व्यवहार समितीवर त्यांनी काम केलं, आणखी दोनदा निवडून आले. १९६२ मध्ये पक्षाघाताचा झटका आला, प्रचाराला बाहेर पडता आलं नाही, जागा गेली. १९७३ साली ते वारले.

त्यांच्यानंतर दुसरा भारतीय वंशाचा माणूस तिथे निवडून यायला २००४ साल उजाडलं. आपल्या बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉइटमधून निवडून आले, ते तू वाचलंच असशील. दहावीच्या पोरांना सौंद यांच्याबद्दल सांगशील का? त्यांनी काय विचारलं ते मला सविस्तर लिही.

तुझा,
अनिल