चौकट छापा, पण तिच्याखाली हेही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

१० ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन जवळ आला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत एक चौकट हमखास येते : 'तुम्हाला नैराश्य तर नाही ना? तपासून पाहा.' खाली नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण आणि बेरीज दहा किंवा अधिक झाली तर सावध होण्याचा सल्ला. अशी चौकट वाचून काही जण पहिल्यांदा डॉक्टरांकडे जातात, हे खरे. पण तीच वाचून घरबसल्या स्वतःवर, मुलावर किंवा सुनेवर शिक्का मारणारेही कमी नाहीत. निदान प्रत्यक्षात कसे होते आणि कुठे चुकते, हे वाचकांपर्यंत क्वचितच पोहोचते, म्हणून हे पत्र.

हे नऊ प्रश्न बहुधा पीएचक्यू-९ या प्रश्नावलीतले असतात. गेल्या दोन आठवड्यांतली उदासी, कशातही रस न वाटणे, झोप, थकवा, भूक, स्वतःला कमी लेखणे, लक्ष न लागणे, हालचाल मंदावणे किंवा अस्वस्थ येरझाऱ्या, आणि मरणाचे विचार. एकूण गुण २७. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून मध्यम-तीव्र, विसापासून तीव्र. २००१ मध्ये ती प्रसिद्ध झाली तेव्हाच्या अभ्यासात दहाची मर्यादा धरली असता मोठे नैराश्य असलेल्या शंभरांतले ८८ जण ओळखले गेले आणि नसलेल्या शंभरांतल्या ८८ जणांना तिने बरोबर वगळले. आकडे भरवशाचे वाटतात. आता ते आपल्याकडे लावून पाहू.

निम्हान्स या बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (१२ राज्यांच्या या पाहणीत महाराष्ट्र नव्हता) त्या वेळी नैराश्य असलेल्या प्रौढांचे प्रमाण २.७ टक्के आढळले. हजार वाचकांनी चौकट भरली, तर त्यांत नैराश्य असलेले २७ धरू. त्यांतले २४ जण पकडले जातील. नैराश्य नसलेल्या उरलेल्या ९७३ लोकांतले १२ टक्के, म्हणजे ११७ जणही दहाच्या वर जातील. एकूण १४१ जण घाबरले, त्यांतल्या २४ जणांना आजार. सहांत एक. हीच प्रश्नावली मानसोपचाराच्या ओपीडीत, जिथे समोरच्या निम्म्या लोकांना नैराश्य आहे, तिथे वापरली तर दहाच्या वर गेलेल्या शंभरांतल्या ८८ जणांना खरोखर आजार निघेल. प्रश्न तेच, गुण तेच. फरक पडतो तो कोणापुढे ठेवले त्याचा.

हे ११७ जण कोण असतात? तान्हे बाळ असलेली आई घ्या. झोप नाही, थकवा आहे, जेवणाची वेळ नाही, लक्ष लागत नाही. या चार प्रश्नांना प्रत्येकी तीन गुण दिले की झाले बारा, आणि तिचे मन उदास नसूनही ती 'मध्यम नैराश्या'त गेली. थायरॉइड कमी असलेला, रक्त कमी असलेला, चिकुनगुनियानंतर महिनाभर अंग दुखणारा माणूसही असाच वर चढतो. उलटही घडते. बाळंतपणानंतर खरोखर नैराश्य आलेल्या बाईला 'बाळ झोपू देत नाही ना, म्हणून' असे सांगून घरी ठेवले जाते. म्हणून बेरजेआधी पहिले दोन प्रश्न पाहायचे असतात : उदासी आणि रस न वाटणे. या दोहोंपैकी एकही जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ नसेल, तर बाकीच्या गुणांवरून नैराश्य ठरत नाही. आणि नवव्या प्रश्नाला बेरजेशी काही देणेघेणे नाही. तिथे शून्याखेरीज दुसरे काहीही उत्तर आले, तर एकूण गुण चार असले तरी त्या माणसाशी त्याच दिवशी बोलायला हवे. कितीतरी चौकटींत नेमके हेच वाक्य नसते.

निदानाच्या कसोट्या दोन ग्रंथांत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेचे आयसीडी, ज्याची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. आणि अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनचे डीएसएम, ज्याची पाचवी आवृत्ती २०१३ मध्ये आली व सुधारित पाठ २०२२ मध्ये. असल्या काटेकोर कसोट्यांची गरज का पडली, याचे उत्तर १९६० च्या दशकात सापडते. न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत स्किझोफ्रेनिया या भ्रम-भासांच्या गंभीर आजाराचे निदान लंडनपेक्षा कितीतरी जास्त होत होते. संशोधकांनी दोन्हीकडच्या रुग्णांची एकाच पद्धतीने मुलाखत घेतली, तेव्हा फरक बराचसा मावळला. रुग्ण फारसे वेगळे नव्हते, डॉक्टरांची सवय वेगळी होती. १९८० च्या डीएसएम-३ पासून लक्षणांची यादी, किमान संख्या आणि किमान काळ लिहून ठेवण्याची पद्धत रूढ झाली.

तरीही एकमत पूर्ण झालेले नाही. डीएसएम-५ च्या पूर्वचाचणीत दोन डॉक्टरांनी एकाच रुग्णाला स्वतंत्रपणे तपासले. केवळ योगायोगाने जुळले तर शून्य आणि पूर्ण जुळले तर एक, अशा मापावर आघातोत्तर तणावाच्या आजाराला ०.६७, बायपोलर-१ या उदासी आणि उन्मादाचे टप्पे येणाऱ्या आजाराला ०.५६, स्किझोफ्रेनियाला ०.४६ आणि मोठ्या नैराश्याला अवघे ०.२८ मिळाले. मानसोपचार खोटे आहेत, असा याचा अर्थ काढणे चूक आहे. नैराश्य एकटे क्वचित येते. त्याच्यासोबत चिंता, दारू, शारीरिक आजार असतात, आणि एका डॉक्टरने त्यांतले आधी काय मोजायचे ते वेगळे ठरवले की नावही वेगळे पडते. पहिल्या भेटीतले निदान तात्पुरते असते आणि तसेच ते कागदावर लिहिलेले असावे, इतकाच बोध डॉक्टरांनी आणि नातेवाइकांनी घ्यावा.

यादीतल्या संख्येपेक्षा काळ मोजण्यात जास्त चुका होतात. स्किझोफ्रेनियासाठी आयसीडीप्रमाणे लक्षणे किमान महिनाभर हवीत. डीएसएमप्रमाणे त्यातली ठळक लक्षणे महिनाभर आणि एकूण आजार सहा महिने. म्हणजे पंधरा दिवसांपूर्वी अचानक भ्रम आणि भास सुरू झालेल्या मुलाला दोन्हीपैकी कुठल्याही ग्रंथाच्या आधारे स्किझोफ्रेनिक म्हणता येत नाही. अशा अल्पकालीन मनोविकृती आपल्याकडे चांगल्याच दिसतात आणि अनेकांत काही आठवड्यांत पूर्ण उतरतात. पण पहिल्या कागदावरचा शब्द पुढच्या प्रत्येक कागदावर उतरवला जातो. दुःखाचेही तसेच. जोडीदार गेल्यावर सहा महिन्यांच्या आत कोणी रडत असेल, तर त्याला 'दीर्घकालीन शोकाचा आजार' म्हणता येत नाही. आयसीडी सहा महिने मागते, डीएसएम प्रौढांसाठी बारा. शिवाय त्या समाजाच्या रीतीपेक्षा तो शोक स्पष्टपणे जास्त असावा लागतो. जिथे वर्षश्राद्धापर्यंत घरात सण होत नाहीत, तिथे ही अट हिशेबात धरलीच पाहिजे. अंगात येण्याचेही तेच : जत्रेत, आरतीत, रूढ विधीत वारे येत असेल आणि त्यामुळे त्या व्यक्तीला त्रास किंवा कामात अडचण नसेल, तर आयसीडी-११ त्याला आजार म्हणत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक बायपोलरची. या आजाराचे रुग्ण डॉक्टरांकडे बहुधा येतात ते नैराश्याच्या टप्प्यात. चढाचा, म्हणजे अति उत्साहाचा किंवा उन्मादाचा काळ त्यांना आजार वाटतच नाही. 'तेव्हा मी छान होतो' असे ते मनापासून सांगतात. पीएचक्यू-९ मध्ये चढाविषयी एकही प्रश्न नाही. मग फक्त नैराश्याची गोळी सुरू होते आणि काहींना त्या गोळीने चढ येतो : रात्रभर जागरण, तोंडाचा पट्टा, उधारीवर खरेदी, भांडणे. हे टाळायचे तर 'कधी खूप आनंदी होता का?' असे विचारून भागत नाही, त्याला हो कोण म्हणणार नाही? विचारावे लागते ते असे : 'सलग चार-पाच दिवस तीन तास झोपूनही थकवा आला नाही, असे कधी झाले होते का? तेव्हा घरचे काय म्हणाले? पैसे कुठे गेले?' झोप कमी होऊनही दमायला न होणे हा इथला खरा धागा आहे. नैराश्यात झोप लागत नाही आणि माणूस थकतो. चढात झोपेची गरजच उरत नाही. डीएसएमप्रमाणे सौम्य चढाला चार दिवस, पूर्ण उन्मादाला आठवडा. रुग्णालयात दाखल करावे लागले तर तीही अट नाही. आणि हे प्रश्न घरातल्या माणसालाही स्वतंत्रपणे विचारावे लागतात.

नाव देण्याआधी शरीर तपासणे, ही दोन्ही ग्रंथांतली अट घाईत गळते. सत्तरीच्या आजीबाई दोन दिवसांत अचानक बरळू लागल्या, दिवसा झोपतात, रात्री उठून बसतात, संध्याकाळी जास्त बिघडतात, तर आधी लघवीतला जंतुसंसर्ग, सोडियम, साखर आणि नुकतीच बदललेली गोळी पाहा. हा वेड लागण्याचा प्रकार नसून मेंदूवर आलेला तात्पुरता ताण असतो, आणि तो तातडीचा असतो. पाय मोडून दाखल झालेला, रोज दारू पिणारा माणूस तिसऱ्या दिवशी थरथरत भिंतीवर किडे दिसतात म्हणू लागला, तर तो दारू तुटल्याचा जीवघेणा टप्पा आहे. त्यासाठी वेगळे उपचार आहेत. साध्या नैराश्यातही टीएसएच (थायरॉइडची चाचणी), हिमोग्लोबिन आणि बी-१२ एकदा पाहावे. दम्यासाठी वा सांध्यांसाठी घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी मनःस्थिती खाली किंवा वर जाऊ शकते. मात्र नैराश्य, स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर नक्की ठरवणारी रक्ताची चाचणी, एमआरआय किंवा 'ब्रेन मॅपिंग' आज अस्तित्वात नाही. एमआरआय केला जातो तो गाठ, रक्तस्राव यांसारखे काही नाही ना, हे पाहण्यासाठी. रंगीत आलेखाच्या आधारे निदानाचे हजारो रुपये कोणी मागत असेल, तर ते देऊ नयेत.

कायद्याची बाजू वृत्तपत्रांत फारच कमी येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चे तिसरे कलम सांगते की निदान आयसीडीसारख्या मान्य वैद्यकीय मानकांनीच व्हावे. समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक किंवा राजकीय मूल्यांशी जुळत नाही, एवढ्यावरून कोणालाही मानसिक आजारी ठरवता येत नाही. पूर्वी उपचार घेतले होते, एवढ्यावरून आज आजार आहे असे म्हणता येत नाही. आणि निदान झाले म्हणून ती व्यक्ती आपोआप 'वेडसर' ठरत नाही. ते फक्त सक्षम न्यायालयच ठरवू शकते. घटस्फोटाच्या आणि जमिनीच्या दाव्यांत जुनी औषधाची चिठ्ठी पुरावा म्हणून फडकवली जाते, तेव्हा हे कलम पक्षकारांना माहीत असायला हवे. आपले वैद्यकीय कागद मिळण्याचा हक्क याच कायद्याच्या पंचविसाव्या कलमात आहे. ते मागून घ्यावेत आणि जपून ठेवावेत.

पहिल्या भेटीला जाताना काय न्यावे, हे कुठेच छापलेले दिसत नाही. सुरू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे न्या, त्यांत आयुर्वेदिक चूर्णे, झोपेच्या गोळ्या, गर्भनिरोधकेही आली. जुने कागद न्या. त्रास कधी सुरू झाला हे सण किंवा परीक्षा यांच्या आधाराने आठवून एका कागदावर लिहा : गणपतीच्या आधी की नंतर, दहावीच्या वर्षी की नोकरी लागल्यावर. गेल्या आठवड्याच्या झोपेच्या वेळा लिहा. रक्ताच्या नात्यात कोणाला असा त्रास, दारूचे व्यसन किंवा आत्महत्या होती का, हे घरी आधी विचारून ठेवा, कारण आयत्या वेळी आई-वडील एकमेकांकडे पाहून गप्प होतात. सोबत असा माणूस न्या, ज्याने तुम्हाला वर्षभर जवळून पाहिले आहे. तिथे डॉक्टरांना तीन गोष्टी विचारायला संकोचू नका : हे निदान नक्की आहे की तात्पुरते, दुसरे काय असू शकते, आणि कधी पुन्हा पाहणार. पहिल्या भेटीत दहा मिनिटांत नाव आणि सहा महिन्यांची औषधे हाती पडली, तर दुसरे मत घेण्यात काही गैर नाही. सुरू असलेली गोळी मात्र त्याआधी स्वतःहून बंद करू नका.

आपल्याकडे मागणी एवढीच. पुढची चौकट छापाल तेव्हा तिच्याखाली चार ओळी जोडाव्यात : ही चाचणी निदान करत नाही, पहिल्या दोन प्रश्नांपैकी एकालाही दोन किंवा अधिक गुण असून रोजची कामे अडत असतील, तर डॉक्टरांना भेटा, कधी झोपेविना ताजेतवाने राहण्याचे दिवस आले असतील, तर ते आवर्जून सांगा, आणि नवव्या प्रश्नाला शून्याखेरीज काहीही उत्तर असेल, तर बेरीज न करता आजच टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा, तिथे मराठीतही बोलता येते. जागा कमी पडत असेल, तर गुणांचा तक्ता गाळा, या ओळी गाळू नका.

आपला,
एक मानसोपचारतज्ज्ञ, सातारा