पट्टा न बांधता कसली हेल्मेट फेरी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पहिल्या पानावर हेल्मेट जनजागृती फेरीचा मोठा फोटो आहे. पुढच्या रांगेतल्या तिघांचे पट्टे हनुवटीखाली लोंबत आहेत, मागे बसलेल्यांची डोकी उघडी आहेत आणि एका स्कूटरवर जेमतेम तीन वर्षांचे मूल हँडल धरून पुढे उभे आहे. असा फोटो कौतुकाने छापला जातो, याचा संताप येतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये हेल्मेट म्हणजे काय ते सांगितले आहे. पट्ट्याने डोक्याला घट्ट बांधलेले असेल तरच ते हेल्मेट. पगडी घालणारे शीख सोडले तर चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते सक्तीचे आहे, मागे बसणाऱ्यालाही. उघड्या पट्ट्याला कलम १९४-डी लागते : कायद्यात हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित. आणि दंडाचे सोडा, गाडी आदळली की सुटे हेल्मेट आधी उडते आणि डोके उघडेच आपटते.

पट्टा आणि हनुवटी यांत फार तर दोन बोटे जावीत. मग हेल्मेटची मागची कड धरून वर आणि पुढे ओढून पाहावे. डोक्यावरून निघू लागले तर पट्टा सैल आहे किंवा माप मोठे आहे. माप घेताना टेप भुवयांच्या बोटभर वरून आणि मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवावी, सेंटिमीटरचा आकडा आतल्या लेबलाशी जुळवावा. नवे हेल्मेट गालांना दाबूनच बसायला हवे, तिथला फोम वापराने दबतो. कपाळाला टोचत असेल तर मात्र घेऊ नये, तो आकारच आपल्या डोक्याचा नव्हे.

मार खातो तो आतला थर्माकोलसारखा थर. एकदा चेपला की तो पुन्हा फुगत नाही, म्हणून अपघातात आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी बाद करावे. आरशावर टांगूनही या थराला खड्डे पडतात आणि पेट्रोलने पुसले तर तो विरघळतो. १ जून २०२१ पासून आयएसआय शिक्क्याशिवाय हेल्मेट विकायला बंदी आहे, तरी रस्त्याकडेला नुसता स्टिकर चिकटवलेल्या टोप्या सर्रास मिळतात. शिक्क्यावर आयएस ४१५१ हा हेल्मेटचा मानक क्रमांक आणि खाली सीएम/एल हा उत्पादकाचा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अॅपवर टाकून बघायला मिनिटही लागत नाही.

फोटोतल्या त्या मुलासाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा नियम आहे. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला चालकाशी बांधणारा, तीस किलो वजन पेलणारा हार्नेस हवा, डोक्याला बसणारे हेल्मेट हवे (या वयात सायकलचे चालते) आणि वेग ताशी चाळीसच्या आत हवा. पुढे उभ्या मुलाला कसलाच आधार नसतो, ब्रेक लागला की ते हँडलवर आदळते. हे फेरीच्या आयोजकांना कोणी सांगितले नाही का?

जाता जाता आणखी एक. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे दुचाकीला मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारा साडीगार्ड आणि मागच्यासाठी धरायची कायमची दांडी लागते. गाडी नीट दिसावी म्हणून पोरे दोन्ही काढून टाकतात आणि गॅरेजवाले मुकाट्याने काढून देतात. ओढणी किंवा पदर स्पोकमध्ये गेला की क्षणात गळ्याला फास बसतो. चौकात कागदपत्रे तपासणाऱ्या पोलिसांनी चाकाकडेही बघावे. आणि आपण कालचा फोटो पुन्हा छापून त्यातल्या चुका दाखवाव्यात, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सांगली