वॅट नव्हे, खोली बघा

महोदय,

होम थिएटरचा रिसीव्हर (स्पीकरांना आवाज पुरवणारा अँप्लिफायर) घ्यायला गेलं की सांगलीतल्या दुकानांत पहिलं वाक्य ठरलेलं: ‘साहेब, वॅट बघा!’ आमची खोली १२ फूट लांब, खाली फरशी, भिंती उघड्या. ४७ हर्ट्‌झच्या आसपासचा बेस, म्हणजे खालच्या पट्टीचा आवाज, असा घुमतो की शोकेसची काच थरथरते आणि संवाद त्यात बुडतात. त्याला वॅट काय करणार? ऑडिसी किंवा डिराक लाइव्ह ही खोलीनुसार आवाज सुधारणारी प्रणाली असलेला रिसीव्हर मायक्रोफोनने खोली मोजून बेसचा हा फुगवटा कापतो. मात्र स्वस्त मॉडेलांत सबवूफरसाठीची (बेसच्या स्पीकरसाठीची) ही सोय अनेकदा जुजबीच असते, तेवढं खोदून विचारावं. बसायच्या जागी बेस पार गायबच होत असेल, तर इक्वलायझरने (आवाजाच्या पट्ट्या कमी-जास्त करणाऱ्या सोयीने) तो वाढवण्यात अर्थ नाही, सबवूफरच सरकवावा. विक्रेत्यांनी डेमोआधी निदान एकदा मोजमाप करून दाखवावं. शेजारच्या काकूही दुवा देतील!

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली