आप्पांच्या स्कॅनमधला हिरवा भाग

कोथरूड, पुणे

प्रिय दत्ता,

फोनवर तू विचारलंस, "डॉक्टरांनी दाखवला तो लाल-हिरवा फोटो मेंदूचाच ना?" आणि तेवढ्यात आप्पांकडे नर्स आली, बोलणं अर्धवट राहिलं. आप्पांना आलेला लकव्याचा झटका मेंदूच्या धमनीत गुठळी अडकल्यानं आला, म्हणून फोटो मेंदूचाच रे, पण तो फोटो नव्हे, हिशेब आहे. माझी रोजीरोटी त्याच हिशेबावर चालते, म्हणून सविस्तर लिहितो. मी डॉक्टर नाही, चित्रांमागचं गणित करणारा आहे, एवढं ध्यानात ठेव.

पहिला साधा सीटी स्कॅन कशासाठी, तर डोक्यात रक्तस्राव झालेला नाही ना हे बघायला. दुसऱ्यात गुठळी कुठल्या धमनीत अडकली ते कळलं. तिसरा परफ्युजनचा, म्हणजे मेंदूला रक्त कुठे किती पोचतंय ते मोजणारा. त्यात हाताच्या शिरेतून आयोडीनचं औषध जोरात सोडतात आणि मेंदूच्या त्याच भागाची चित्रं मिनिटभर लागोपाठ घेत राहतात. औषध पोचलं की ठिपका उजळतो, पुढे गेलं की मावळतो. प्रत्येक ठिपक्याच्या या चढ-उतारावरून तिथे रक्त किती आहे, किती उशिरा पोचलं आणि किती वेळ रेंगाळलं, हे संगणक काढतो. रंग त्यानंतर भरलेले.

निरोगी मेंदूत दर १०० ग्रॅमला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त फिरतं. ते २० च्या खाली गेलं की पेशी काम थांबवतात, पण मरत नाहीत. १० च्या खाली गेलं तर फार वेळ तग धरत नाहीत. तू तर कालव्याच्या टेलचा, म्हणजे शेवटच्या टोकाचा माणूस. खडकवासल्याचं आवर्तन लांबलं की तुझा ऊस माना टाकतो, पाणी आलं की उठतो. जळालेला मात्र उठत नाही. आप्पांच्या चित्रातलं हिरवं म्हणजे माना टाकलेलं रान, लाल म्हणजे जळालेलं. लाल थोडं होतं, हिरवं बरंच, म्हणून तर तार घालून गुठळी काढायचं ठरलं.

आता वेळेचं. आप्पा पहाटे धारा काढायला उठले तेव्हा उजवा हात उचलेना, तरी डॉक्टरांनी घड्याळ रात्री दहापासून धरलं. कारण धडधाकट असे त्यांना शेवटचं तेव्हाच पाहिलं होतं. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत त्या हिशेबानं इंदापुरातच संपली होती. काही वर्षांपूर्वी गुठळी ओढून काढण्यालाही सहा तासांनंतर सहसा नकार मिळायचा. २०१८ च्या सुरुवातीला दोन चाचण्यांचे निकाल छापून आले, एकीचं नाव चक्क 'डॉन'. स्कॅनमध्ये वाचण्याजोगा भाग दिसत असेल, तर निवडक रुग्णांना १६ तासांपर्यंत, 'डॉन'प्रमाणे २४ तासांपर्यंतही फायदा होतो, हे त्यांतून दिसलं. आप्पांना उपचार मिळाले ते याच दारातून.

म्हणून निवांत राहायचं असं मात्र नाही हां. मोठी धमनी तुंबली की सरासरी मिनिटाला १९ लाख चेतापेशी जातात, असा हिशेब २००६ साली मांडला गेलाय. एखाद्याला शेजारच्या बारीक वाहिन्या रक्त पुरवून सावरून धरतात, एखाद्याचं तासा-दोन तासांत आटोपतं. लकव्यावर औषध देणारा माणूस पंचक्रोशीत असतोच. त्याच्या दारात न थांबता तू १०८ लावलास, हे फार बरं केलंस.

रंगांशी माझं थोडं भांडण आहे. रुग्णानं डोकं हलवलं की हिशेब बिघडतो. हृदय अशक्त असेल किंवा मानेतली धमनी आधीच अरुंद असेल, तर औषध मुळातच उशिरा पोचतं आणि धोका नसलेला भागही हिरवा दिसू शकतो. झटका अगदी ताजा असेल तर लाल दाखवलेला भाग कधीकधी पुढे वाचलेलाही निघतो. चांगला रेडिओलॉजिस्ट म्हणून आधी मूळ चित्रं आणि तो चढ-उतार तपासतो, मग रंगांकडे वळतो. नातेवाइकांच्या हाती मात्र तेवढं रंगीत पानच पडतं आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवरून चार काकांकडे फिरत राहतं. तुझ्याकडूनही दोनदा आलं!

तेव्हा डिस्चार्जच्या वेळी तिन्ही स्कॅनची सीडी मागून घे, पुढच्या डॉक्टरांना तीच लागेल. बीपीची गोळी आप्पांनी मधेच का बंद केली होती, तेही डॉक्टरांना स्पष्ट सांग, लपवू नकोस. रविवारी मी येतोच आहे. काकूंना म्हणावं, डबा मी आणीन, त्यांनी दगदग करू नये.

तुझा,
मकरंद