हिंगणा रोडवर माणसंही राहतात

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत नागपूर कसं चारही बाजूंनी वाढून राह्यलं ते वाचलं. मिहान आलं, बेसा आलं, वर्धा रोडचे टॉवर आले, अन् हिंगणा रोडबद्दल काय तर एक ओळ, 'औद्योगिक परिसर'. बाप्पा, इथं माणसंही राहतात हो!

मी १९९८ ला प्लॉट घेतला तेव्हा सोयरे म्हणायचे, काहून एवढ्या लांब चालले, रात्री बर्डीहून ऑटोवाला यायला तयार नसायचा. आता वानाडोंगरी, डिगडोह, निलडोह, इसासनी सगळं एकमेकाला चिकटलं, कुठलं गाव कुठं संपते ते फक्त ऑफिसवाल्यांना ठाऊक, अन् कचरा उचलायचा म्हटलं की तेही विसरतात. आमच्या गल्लीच्या टोकाशी हद्द आहे, तिथल्या ढिगाऱ्याचं विचारलं तर हे म्हणतात तिकडचा, ते म्हणतात इकडचा. परवा तर कचरागाडी त्याला वळसा घालून गेली, मी गेटवर उभा होतो.

मेट्रोचं मात्र खोटं बोलणार नाही, जानेवारी २०२० ला लोकमान्य नगर–सीताबर्डी सुरू झाली अन् फार सोय झाली. पण लोकमान्य नगरला गाडी संपते, त्यापुढं कोण? सकाळी स्टेशनखाली येऊन पाहा, कंपनीत ड्युटीवर चाललेले, वानाडोंगरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं, शेअर ऑटोत मागं चार अन् ड्रायव्हरच्या बाजूला दोन, डबा मांडीवर, एक पाय बाहेर. हिंगण्यापर्यंतची मेट्रो दुसऱ्या टप्प्यात आहे, ४३.८ किलोमीटरचा तो टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रानं मंजूर केला, तोवर निदान एक फीडर बस तरी धड वेळेवर सोडा.

अन् समृद्धी महामार्ग सुरू होते तो शिवमडका आमच्याच हिंगणा तालुक्यात, बरं का. मागच्या महिन्यात साळे मुंबईहून त्याच रस्त्यानं आले, ७०१ किलोमीटर आरामात, अन् शिवमडक्याहून माझं घर शोधायला पाऊण तास! एकाच नावाचे दोन लेआउट, दोन्हीत प्लॉट नंबर ४२, बोर्ड एकावरही नाही. शेवटी मीच स्कूटर घेऊन चौकात जाऊन उभा राह्यलो.

तुमच्या वार्ताहराला एकदा पाठवा. लोकमान्य नगरला उतरून शेअर ऑटोनंच या म्हणा, चौकात आले की फोन करा, घ्यायला येतो.

– एक जुना वाचक, हिंगणा रोड, नागपूर