बेंच बांधणीच्या ‘संपूर्ण’ हत्यारसंचाबद्दल तक्रार

दि. ६ मे

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : सुतारी बेंचचा हत्यारसंच सदोष निघाल्याने पूर्ण पैसे परत मिळणेबाबत.

महोदय,

मार्च महिन्यात तुमच्या वेबसाइटवरून मी हा संच ११,४०० रुपयांना मागवला. फोनवर तक्रार केली तर ‘धार लावून वापरा’ एवढेच उत्तर मिळाले आणि पाठोपाठ तक्रार बंद केल्याचा मेसेज आला. म्हणून आता सगळे लिहूनच कळवतो. ज्याने कधी हातात रंधा धरला असेल अशा माणसाला हे पत्र वाचायला द्यावे, ही पहिली विनंती.

मी औसा तालुक्यात सुतारकाम करतो. आमच्याकडे जुने सुतार जमिनीवर बसून, फळी पायाच्या बोटांत धरून काम करायचे. मीही इतकी वर्षे तेच केले. आता गुडघे ऐकत नाहीत, म्हणून उभ्याने काम करायला सहा फूट लांब आणि तीन इंच जाड माथ्याचा बेंच बांधायला काढला. माथ्याला सागवान आहे, पायांना बाभूळ. सागवान म्हणजे १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर उतरवलेल्या माळवदाच्या तुळया. तेव्हापासून त्या शेडमध्ये कोरड्यात पडून होत्या, तेव्हा ‘लाकूड ओले असेल’ हे कारण देऊ नये. खिळे उपटून, वरून चुंबक फिरवून मगच हत्यार लावले, त्यामुळे ‘खिळा लागला असेल’ हेही नको.

बेंच बांधायला फार हत्यारे लागत नाहीत. तुळया चिरायला करवत, कडा सरळ करायला रंधा, पायांना चौकोनी भोके पाडायला किकरे म्हणजे जाड पात्याची पटाशी आणि मोगरी म्हणजे लाकडी हातोडा, काटकोन पाहायला गुण्या, शिवाय भोके पाडायला एक गिरमिट. एवढी धड असली की बाकीचे निभावून नेता येते. तुमच्या पेटीत टेप आहे, हातमोजे आहेत, पेन्सिली तर सहा आहेत. पण ज्यांच्यावर सगळे काम अडते तीच हत्यारे बाद आहेत.

आधी रंधा. चौदा इंची जॅक रंधा, ‘तळ मशीनवर सपाट केलेला’ असे पेटीवर छापले आहे. तळावर पोलादी पट्टी उभी धरून उजेडाकडे पाहिले, तर पट्टी पुढे टेकते, मागे टेकते आणि पाते जिथून बाहेर येते तिथे खालून उजेड दिसतो. शेजारच्या गॅरेजवाल्याकडून फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा, आणले. पाव मिलिमीटरची पाती तिथे सहज आत गेली. तुमच्या माणसाला फोनवर हे सांगितले तर तो म्हणाला, एवढे चालते. दाराला फळ्या ठोकायच्या असतील तर चालेलही. पण सांध्याच्या कडेवरून शेवटचे सालपट निघते ते याच्या चौथाईहूनही पातळ असते. तळ तोंडापाशी टेकत नाही म्हणून पाते तेवढे जास्त बाहेर काढावे लागते, आणि मग रंधा एक तर नुसता घसरतो, नाहीतर एकदम चावतो. अशा कडा चिकटवल्या तर मधे फट राहणारच. तीन इंच जाड सागवानातली फट क्लॅम्प आवळून मिटत नसते.

आता पटाश्या. नवी पटाशी दगडावर घासल्याशिवाय कामाला घ्यायची नाही हे सुताराच्या पोराला शिकवावे लागत नाही. मी २५ अंशांवर घासली, शेवटी ३० अंशांची बारीक कड दिली, चामड्याच्या पट्ट्यावर फिरवली. धार छान आली. बाभळीत मोगरीचे चार-सहा ठोके बसले आणि धार मुरडली. टवका उडाला असता तर म्हटले असते, पाणी, म्हणजे तापवून विझवून दिलेला कडकपणा, जरा जास्त झाले. इथे पोलादाने पाणी धरलेलेच नाही. खात्रीसाठी धारेजवळ कानस लावून पाहिली. पाणी दिलेल्या पोलादावरून कानस निसटते; इथे ती गुळाच्या ढेपेत विळा जावा तशी रुतली. तरी जाहिरातीत ‘६० एचआरसी’ (पोलादाच्या कडकपणाचे माप) लिहिले आहे. तो आकडा कुठे आणि कोणत्या नगावर मोजला ते कळवावे. आमच्या गावचा लोहार खुरप्यालासुद्धा याहून बरे पाणी देतो.

किकरे तर पेटीतच नाही. वेबसाइटवरच्या फोटोत ते ठसठशीत दिसते. त्याच्या जागी उतरत्या कडांची पातळ पटाशी घातली आहे. बाभळीच्या पायात खोल भोक पाडताना आतला कपचा उचकला की ती वाकते, आणि वाकलीच.

करवत ‘चिरायला व कापायला’ म्हणून दिली आहे. तिला इंचाला दहा दात आहेत आणि तेही आडव्या कापाचे, सुरीसारखे टोकदार. तुळई उभी चिरायला इंचाला पाच-सहा, पटाशीच्या तोंडासारखे दात लागतात. गुण्याचे एवढेच सांगतो : सरळ कडेला लावून रेघ ओढली, उलटा करून त्याच जागेवरून दुसरी ओढली. सहा इंचांवर दोन रेघांत दीड मिलिमीटरचे अंतर पडले.

मला बदली संच नको. त्याच लॉटमधली दुसरी पेटी येईल, दुसरे काय होणार? पूर्ण ११,४०० रुपये परत करावेत, पेटी तुमच्या खर्चाने न्यावी आणि वेबसाइटवरचा किकऱ्याचा फोटो काढावा.

ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि निवारण एका महिन्यात करायचे असते. तसे न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याने मी राहतो तिथेच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही.

पावती, पट्टीखालच्या उजेडाचा, मुरडलेल्या धारेचा आणि गुण्याच्या दोन रेघांचा फोटो सोबत जोडला आहे. पेटी न्यायला माणूस पाठवाल तेव्हा आदल्या दिवशी फोन करावा, दिवसा मी साइटवर असतो.

आपला,
एक ग्राहक
ता. औसा, जि. लातूर