नक्कल नव्हे, परदेशी गेलेल्यांची घरे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दक्षिण चीनमधील कायपिंगची मनोऱ्यासारखी घरे किंवा मलेशियातील जॉर्ज टाउनचा निळा वाडा यांची छायाचित्रे पर्यटनाच्या पानांवर अधूनमधून छापून येतात आणि त्यांखाली ‘चिनी गावात युरोपचा भास’ अशा अर्थाची एखादी ओळ असते. या वास्तूंना युरोपची हौशी नक्कल ठरवणारा हा सूर मला मनापासून खटकतो, म्हणून हे पत्र.

कायपिंगच्या घरांना तिकडे ‘दियाओलोऊ’ म्हणतात. त्यांतील बहुसंख्य घरे विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियात कष्ट करणाऱ्या गावकऱ्यांच्या पैशातून उभी राहिली. अमेरिकेने १८८२ साली चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केला आणि तो १९४३ पर्यंत टिकला. त्यामुळे बायकामुलांना तिकडे नेणे बहुतेकांना अशक्यच होते. मिळकत गावाकडे येत राहिली आणि तिच्या मागोमाग दरोडेखोरही आले. डिसेंबर १९२२ मध्ये कायपिंगमधील चिकान येथील शाळेवर दरोडा पडला, मुख्याध्यापकांना आणि काही विद्यार्थ्यांना पळवून नेण्यात आले. तेव्हा एका मनोऱ्यावरील शोधदिव्याच्या उजेडात ती टोळी दिसली आणि गावकऱ्यांनी ओलिसांची सुटका केली. पुराच्या पाण्यातही या मनोऱ्यांचे वरचे मजले आसरा देत.

जिनजियांगली गावातील नऊ मजली रुईशी लोऊ पाहिली की हे सारे भिंतींवरच वाचता येते. खालचे मजले जाडजूड आणि साधे, खिडक्या लहान आणि त्यांना लोखंडी झडपा. वर मात्र कमानी, खांबांची ओळ, सज्जे आणि घुमट. कायपिंगच्या अनेक मनोऱ्यांच्या कोपऱ्यांतून पुढे आलेल्या छोट्या बुरुजांना लोक ‘पाकोळीचे घरटे’ म्हणतात आणि त्यांच्या तळाशी खाली नेम धरण्यासाठी भोके ठेवलेली असतात. तेव्हा वरचा थाट निव्वळ शोभेचा होता, असे म्हणताच येत नाही. परदेशातून येणाऱ्या सिमेंटला कँटनी बोलीत ‘तांबड्या केसांच्या लोकांची’, म्हणजे युरोपियनांची, ‘माती’ म्हणत. ती परकी माती स्थानिक गवंड्यांनी आपल्या हाताला वळण देऊन वापरली. आत देव्हारा, पूर्वजांची पूजा आणि बैठकीची मांडणी चिनीच राहिली. असे सुमारे १८०० मनोरे आज शिल्लक आहेत आणि त्यांतील निवडक मनोऱ्यांचा व गावांचा २००७ साली जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

जॉर्ज टाउनचा वाडा चीनमधून परदेशी गेलेल्या चाँग फाट त्से या धनाढ्य व्यापाऱ्याचा. ३८ खोल्या, ५ चौक आणि २२० खिडक्या असलेल्या या वास्तूत ग्लासगोचे ओतीव लोखंडी खांब आणि इंग्लंडच्या फरशा आहेत. घराची बांधणी मात्र चिनी चौकाभोवतीचीच. छपरावरचे पावसाचे पाणी थेट बाहेर न घालवता चौकात आणले जाते, कारण पाणी म्हणजे लक्ष्मी अशी श्रद्धा. रंगीत चिनी मातीचे वाडगे चिमट्याने तोडून, त्यांचे तुकडे चुन्यात एकेक बसवून केलेली पाने, फुले आणि पक्षी जवळून पाहावेत असे आहेत. एका पाकळीसाठी केवढी निगुती लागली असेल! भिंतींचा तो प्रसिद्ध निळा रंग म्हणजे चुन्यात कालवलेली नीळ. दमट हवेत चुना ओल शोषतो आणि पुन्हा सोडतो. त्यावर आजचा प्लास्टिकसारखा रंग फासला तर ओल आत कोंडून भिंत फुगते. १९९० च्या दशकातील जीर्णोद्धारात पारंपरिक साहित्य व कारागिरीचाच आग्रह धरला गेला आणि त्या कामाला २००० साली युनेस्कोचा वारसा-संवर्धन पुरस्कार मिळाला. अशा वास्तूंची डागडुजी करताना हा धडा सर्वत्र गिरवला जावा, असे मला तळमळीने वाटते.

आपणांस एवढीच विनंती आहे, की यापुढे अशा वास्तूचे छायाचित्र छापाल तेव्हा ती कोणत्या गावातून परदेशी गेलेल्या माणसाने, कोणत्या मिळकतीतून आणि कोणासाठी बांधली, हे निदान दोन ओळींत द्यावे.

आपला नियमित वाचक